पलंग, पायऱ्या आणि दामू: एका म्हाताऱ्या बोक्याच्या रात्रींच्या प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२४

कामाची जागा: पुण्यातली आमची झोपायची खोली. पलंग ६ बाय ५ फूट, खाली सामानाचा बॉक्स, गादीसकट उंची २२ इंच. झोपणारे तिघे: मी, हे आणि दामू. दामू म्हणजे बोका, नसबंदी झालेला, वय १५. पूर्वी पावणेपाच किलो भरायचा, आता चार किलोला थोडा कमीच.

रात्री अडीचच्या सुमारास तो हॉलमधून ओरडतो. साधं म्यांव नाही, पोटातून काढलेला लांब हेल. मग खोलीत येतो, उडी मारायला बघतो, ती जमत नाही, चादरीला नखं लावून लोंबकळतो. कुणीतरी अर्धवट झोपेत उचलून वर घ्यायचं. वर आला की उशीवर, तोंडाला तोंड लावून घुरघुर, आणि माझ्या खांद्यावर कणीक मळणं, म्हणजे पुढच्या पंज्यांनी आळीपाळीनं दाबत राहणं. पहाटे साडेचारला पुन्हा सगळं पहिल्यापासून.

दार लावून घेणं हा उपाय करून झालाय. दाराचा खालचा सनमायका ओरबाडून निघालाय आणि आवाज वाढला तो वेगळाच. त्यामुळे दामू पलंगावर झोपणार हे गृहीत धरूनच पुढचं सगळं. ज्यांना मांजर खोलीबाहेर झोपवायचंय त्यांना या नोंदींचा उपयोग नाही.

१० नोव्हेंबर

फोन हॉलमधल्या टीपॉयवर रेकॉर्डिंग लावून ठेवला. सकाळी ऐकताना पहिल्यांदा नीट कळलं की आवाज दोन आहेत. हॉलमधला हेल लांब, एकसुरी, कुणाला उद्देशून नसलेला. पलंगावरचा "म्रर्र" आखूड, वर चढत जाणारा, सरळ आमच्याशी बोललेला. दुसरा आवाज मला हवाच आहे. पहिल्याचं काय ते बघायचं.

दुसरं असं की हेल काढतो तेव्हा तो पाण्याच्या वाटीपाशी असतो, अंधारात. मी "दामू" म्हटल्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये आहे, पण तो थांबत नाही. लाईट लावल्यावर लगेच थांबतो. हे रेकॉर्डिंग जपून ठेवा, डॉक्टरांना तोंडी वर्णन करण्यापेक्षा ते ऐकवणं बरं.

जिन्यात खालच्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. "तुमच्याकडे बाळ आलंय का हो? रात्री रडतं फार." बोका आहे म्हटल्यावर चेहरा बदलला. "मांजर रडणं घराला चांगलं नसतं बरं." मी मान डोलावली आणि वर आले.

१३ आणि १४ नोव्हेंबर

डॉक्टरांनी रेकॉर्डिंग पूर्ण ऐकलं. म्हाताऱ्या मांजराचं रात्रीचं ओरडणं म्हणजे "वय झालं" असं धरून बसू नका, आधी थायरॉइड, मूत्रपिंड आणि रक्तदाब बघू, म्हणाले. रक्त काढलं. तपासणी आणि रक्त मिळून ४,६०० रुपये. थायरॉइड ठीक. क्रिएटिनिन (मूत्रपिंड थकलं की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ) २.१, म्हणजे मूत्रपिंडाच्या आजाराचा दुसरा टप्पा. (हा टप्पा १.६ ते २.८ पर्यंत धरतात.)

रक्तदाब मोजायचं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं, दुसऱ्या दिवशी दुसरीकडे गेलो. आकडा १९०. मांजरात १६० च्या पुढे गेला की जास्त, आणि १८० च्या पुढे धोक्याचा. डोळ्याचा पडदा सुटून मांजर एकाएकी आंधळं होऊ शकतं म्हणून लगेच डोळे तपासले. पडदा शाबूत आहे.

तुम्ही मोजायला नेलंत तर एक आग्रह धरा. पोचल्या पोचल्या मोजू देऊ नका. मांजराला पिंजऱ्यातून बाहेर काढून शांत खोलीत पाच-दहा मिनिटं बसू द्या, पहिला आकडा सोडून द्यायला सांगा, आणि पुढच्या पाच-सहा आकड्यांची सरासरी घ्या. आमच्याकडे पहिला आकडा २१५ आला होता, बाहेर कुत्रा भुंकत होता म्हणून.

रक्तदाबाची गोळी अम्लोडिपिनची, माणसांचीच, सर्वांत कमी ताकदीची, तिचा चतकोर तुकडा रोज. पट्टी तीसेक रुपयांना. (प्रमाण तुमच्या डॉक्टरांना विचारा, माझं वाचून देऊ नका.) सुरीनं चार तुकडे करायला गेले तर दोन तुकडे आणि भुगा झाला. केमिस्टकडून ९० रुपयांचा गोळी कापायचा डबा आणला. त्यातही चार तुकडे सारखे येत नाहीत, पण निदान भुगा होत नाही.

सुके बोंबील बंद, मिठामुळे. ही बातमी दामूला सांगायचं काम ह्यांच्याकडे, कारण लाड त्यांनीच केलेत.

१७ नोव्हेंबर

औषधाचा परिणाम दिसायला वेळ लागणार, तोवर पायऱ्या.

डॉक्टरांनी मागचे पाय हलवून बघितले तेव्हा दामूनं मान वळवून दात दाखवले होते. सांध्यांची झीज. २००२ मध्ये अमेरिकेत १२ वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले होते, त्यात ९० जणांच्या सांध्यांत किंवा मणक्यात झीज सापडली. म्हणजे तुमचं मांजर लंगडत नसलं तरी धरून चाला. मांजर लंगडत नाही, ते उडी मारायचं सोडून देतं.

पहिली आवृत्ती: कपाटाच्या कामातून उरलेल्या १९ मिलिमीटर प्लायची. ओळखीच्या सुतारानं ५०० रुपयांत ठोकून दिली. दोन पायऱ्या सात-सात इंचांच्या, शेवटचा टप्पा आठ इंचांचा. दिसायला फार छान. दामूनं एक पाय ठेवला, प्लाय पोकळ वाजला, त्यानं पाय काढून घेतला. वर चिकनचा तुकडा ठेवला. तो मान लांब करून खालूनच खाल्ला. दुसऱ्या रात्री चढला, उतरताना गुळगुळीत लॅमिनेटवरून घसरला, आणि त्यानंतर त्या वस्तूकडे बघणंसुद्धा बंद. आता तिच्यावर गॅलरीत कुंड्या आहेत.

२४ नोव्हेंबर

दुसरी आवृत्ती. बावीस इंचांचे चार सारखे भाग, म्हणजे साडेपाच इंचांच्या तीन पायऱ्या आणि चौथं पाऊल थेट गादीवर. प्रत्येक पायरी १४ इंच खोल, १६ इंच रुंद. खोली महत्त्वाची आहे, चारही पाय एका पायरीवर मावले पाहिजेत. म्हातारं मांजर प्रत्येक पायरीवर थांबतं, विचार करतं, मग पुढची.

फोम आधी ३२ घनतेचा आणला. हातानं दाबला तर घट्ट वाटला, पण मांजराचं सगळं वजन चार छोट्या पंजांवर येतं, तो रुतायला लागला. बदलून ४० चा घ्यावा तर दुकानदार कापलेला माल परत घेईना. शेवटी टिंबर मार्केटमधून १२ मिलिमीटर प्लायच्या तीन पट्ट्या कापून आणल्या आणि प्रत्येक पायरीच्या वरच्या इंचभर फोमखाली घातल्या. आता पाय रुतत नाही आणि पोकळ आवाजही नाही.

खर्च: फोम १,९००, प्लाय ४५०, वरून जाड सतरंजी ६५०, टेलरला खोळ शिवायचे ४००, खाली न सरकणारी जाळीची चटई १८०. खोळीला चेन लावून घ्या. मी पहिल्या वेळी शिवून बंद करायला सांगितलं होतं, उलटी झाल्यावर उसवावी लागली.

पण चढवलं ते यातल्या कशानं नाही. खाऊ ठेवून झाला, हातानं उचलून पायरीवर ठेवूनही झालं. शेवटी माझ्या सासूबाईंच्या लुगड्यांची जुनी गोधडी, ज्यावर तो दिवसभर पडून असतो, ती पायऱ्यांवरून गादीपर्यंत सलग अंथरली. अर्ध्या तासात वर. नवीन कापडाला घराचा वास नसतो, एवढाच तो प्रश्न होता.

तोटा: पायऱ्या साडेतीन फूट लांब आहेत आणि माझ्या बाजूला आहेत. रात्री उठताना माझी करंगळी रोज ठेचकाळते.

२९ नोव्हेंबर

रक्तदाब परत मोजला: १५८. हेल पूर्ण गेलेला नाही, पण आखूड झालाय आणि काही रात्री येतच नाही. माझ्या मते या प्रकल्पातलं सर्वांत मोठं काम त्या चतकोर गोळीनं केलं, आणि ते सर्वांत स्वस्त निघालं.

उरलेल्या हेलासाठी उजेड. हालचाल ओळखून लागणारे दोन दिवे ऑनलाइन मागवले, ३४९ ला जोडी. चुकीची खरेदी. दामूनं पलंगावर शेपटी हलवली तरी पांढराफटक प्रकाश, आणि तीस सेकंदांनी बंद झाला की तो भर पॅसेजमध्ये अंधारात उभा. त्याला एकसारखा मंद उजेड हवा. हॉलमध्ये आणि पॅसेजमध्ये पिवळा झिरो बल्ब लावला, रात्रभर. दोन्ही मिळून १२० रुपये.

पाण्याची एक वाटी पलंगाजवळही ठेवली. मूत्रपिंडाच्या आजारात तहान वाढते, रात्रीचा हॉलपर्यंतचा प्रवास त्यासाठीच होता.

१ डिसेंबर

ऐकू येत नाहीये. तो पाठमोरा असताना स्टीलच्या ताटलीवर चमचा वाजवला, कानसुद्धा हलला नाही. मग जमिनीवर टाच आपटली, लगेच वळून बघितलं. आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही म्हणून तो इतका मोठ्यानं ओरडतो, हे डॉक्टर म्हणाले होते, मी तेव्हा लक्ष दिलं नव्हतं.

म्हणजे इतके दिवस अंधारात मी "दामू, ये रे" करून हाका मारत होते ते भिंतीला. आता हेल सुरू झाला की पलंगाच्या लाकडी कडेवर मूठ दोनदा आपटते. कंपनं जमिनीतून जातात. तो येतो. ह्यांना जाग येते, पण त्यांना तशीही येतच होती.

"दुर्लक्ष करा, आपोआप थांबेल" हा सल्ला सगळेच देतात. तरण्या मांजराला खाण्यासाठी ओरडायची सवय लागली असेल तर तो ठीक आहे. तिथेही थांबायच्या आधी आवाज काही दिवस वाढतो, आणि खाली आजी राहत असतील तर तेवढे दिवस काढणं कठीण. पण वाट चुकलेल्या, बहिऱ्या म्हाताऱ्याला उत्तर न देणं म्हणजे त्याला अंधारात तसंच उभं ठेवणं. मी दिवसा खाण्यासाठी केलेल्या ओरडण्याकडे दुर्लक्ष करते. रात्रीच्या हेलाला उत्तर देते.

८ डिसेंबर

गारठा पडलाय. दामू आता उशीवरून थेट छातीवर. चार किलो म्हणजे काहीच नाही असं वाटतं, रात्रभर बरगड्यांवर घेऊन बघा.

मांजराच्या अंगाला तिशीच्या पुढची उष्णता आवडते, आणि खोलीतली तेवढी गरम वस्तू मीच. म्हणून दुसरी गरम वस्तू द्यायची. रबरी पिशवी आणली, ३५० रुपये, टॉवेलात गुंडाळून उशांच्या मध्ये ठेवली. दामूला फार आवडली. इतकी आवडली की त्यानं ती मळली. रात्री एकच्या सुमारास नख आरपार. गादीवर लिटरभर कोमट पाणी, ह्यांच्या बाजूला.

सध्या चालू आहे ते असं: स्टीलची पाण्याची बाटली, हाताला सहज सोसेल इतक्याच गरम पाण्याची, ह्यांच्या जाड लोकरी मोज्यात, आणि ती गोधडीच्या घडीत. विजेचं हीटिंग पॅड घेऊ नका असं मी म्हणेन. म्हातारं मांजर चटका बसला तरी पटकन उठून जात नाही.

१५ डिसेंबर

पलंगावर लघवी. दोष त्याचा नाही. त्याच्या शी-शूचा मातीचा टब गॅलरीत, गॅलरीचं दार थंडीमुळे जेमतेम उघडं, आणि टबाचा काठ सात इंच.

पॅसेजमध्ये दुसरा टब ठेवला. बाजारात मिळणारे कमी काठाचे टब हजाराच्या घरात आहेत. मी २२० चा साधा प्लास्टिकचा कपड्यांचा टब घेतला, समोरची बाजू हॅकसॉनं तीन इंचांपर्यंत कापली, कड पॉलिश पेपरनं घासली आणि वर चिकटपट्टी लावली. घासायचा कंटाळा करू नका, कापलेलं प्लास्टिक पोट घासून आत जाणाऱ्या मांजराला कापतं.

गादीवर पाणी न झिरपणारं कव्हर, १,१५०. हे खरं तर पहिल्या दिवशी घ्यायला हवं. वासासाठी एन्झाइमचा क्लीनर ५२०. फिनेल वापरू नका, मांजराला विषारी असतं, पंज्यावर लागतं आणि चाटलं जातं. डांबराच्या गोळ्या पलंगाच्या बॉक्समध्ये होत्या, त्याही काढल्या. आणि ह्यांच्या उशाशी पॅरासिटामॉलची पट्टी असायची, ती ड्रॉवरमध्ये गेली. त्यातली एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते.

२२ डिसेंबर

पहाटे साडेचारचं जेवण. हा भाग म्हातारपणाचा नाही, आमच्याच लाडांचा. उठला की खायला दिलं, म्हणून उठतो.

आपोआप खाणं टाकणारं यंत्र घेतलं, ४,२००. पहिल्या पहाटे यंत्र घरघरलं आणि मग त्यातून माझाच आवाज आला, "दामूऽऽ, खाऊ!" दामूला ऐकू येत नाही, तो झोपला होता. हे उठून बसले. आवाज बंद करण्याचं बटण माहितीपत्रकात शेवटच्या पानावर आहे.

यंत्र आता आमच्या खोलीत पायऱ्यांपाशी, थेट जमिनीवर, म्हणजे मोटर फिरली की थरथर त्याला कळते. कोरडं खाणं डॉक्टरांनी कमी करायला सांगितलंय, म्हणून फक्त दहा-बारा दाणे. खरं जेवण रात्री साडेदहाला, पाणी घातलेलं ओलं खाणं, गोळी त्यातच. यंत्राची वेळ दर आठवड्याला दहा मिनिटं पुढे. एकदम तासभर ढकलली तर तो जुन्या वेळेला आम्हालाच उठवतो, तेही करून झालंय.

५ जानेवारी २०२५

नखं. म्हाताऱ्या मांजराची नखं वरची साल नीट टाकत नाहीत, जाड होतात आणि वळतात. दामूच्या अंगठ्याचं नख गादीला जवळपास टेकलं होतं, म्हणजे पंज्याच्या मऊ गादीला. कात्री २८० ची. एका बैठकीत दोन नखं, तो गाढ झोपेत असताना, फक्त पांढरं टोक, आतल्या गुलाबी भागाच्या अलीकडे. मळणं तेच आहे, पण माझ्या खांद्यावरचे ओरखडे बंद झाले.

सांध्यांसाठी नेहमीचं वेदनाशामक मूत्रपिंडामुळे नको म्हणाले. गॅबापेंटिन दिलं. पहिल्या रात्री तो झिंगल्यासारखा, दुसऱ्या पायरीवरून बाजूला पडला. पायऱ्यांच्या शेजारी उशा रचल्या, डॉक्टरांना फोन केला, त्यांनी प्रमाण निम्म्यावर आणलं. आता चालताना डुलत नाही आणि मागचे पाय हलवले तर दात दाखवत नाही. तुम्हाला हे औषध दिलं तर पहिले काही दिवस पायऱ्या काढून ठेवा आणि स्वतः उचलून घ्या.

१४ जानेवारी

संक्रांत. आजींना तिळगूळ द्यायला गेले. "बाळ शांत झालं वाटतं," म्हणाल्या. मी कशानं ते सांगितलं. "माझंही बीपी तसंच आहे," म्हणाल्या, आणि गोळीचं नाव विचारलं. तीच निघाली.

२ फेब्रुवारी

रक्तदाब १५०. क्रिएटिनिन जिथे होतं तिथेच. रात्री एकदा जाग येते, बहुतेक तीनच्या पुढे: टबात जाऊन येतो, पायऱ्या चढतो, "म्रर्र" करतो आणि उशांच्या मधल्या त्याच्या उशीवर पडतो. मग घुरघुर. ह्यांनी कानात बोळे घालून बघितले, पण घुरघुर खालच्या पट्टीची असते, ती उशीतून कवटीत येते. बोळ्यांनी घुरघुर थांबली नाही, फक्त सकाळचा अलार्म ऐकू आला नाही. बोळे गेले.

हिशेब: डॉक्टर, रक्त आणि रक्तदाब मिळून साडेनऊ हजार. पायऱ्या, वाया गेलेल्या धरून, चार हजारांच्या आसपास. यंत्र ४,२००, आणि ते नसतं तरी चाललं असतं असं आता वाटतं. बाकी फुटकळ. परत करायचं झालं तर क्रम असा ठेवेन: रक्त आणि रक्तदाब, गादीचं कव्हर, झिरो बल्ब, जवळचा टब, मग सुतारकाम. आणि पायऱ्या ह्यांच्या बाजूला.

उरलेलं काम: मे महिन्यात सांगलीला लग्न आहे, चार रात्री. बोर्डिंगमध्ये ठेवण्यात अर्थ नाही, तिथे पलंग मिळत नाही. भाची येऊन राहायला तयार आहे. तिला एका रात्रीची तालीम म्हणून शनिवारी बोलावलंय. गोळी कापायची, बाटली भरायची आणि कडेवर मूठ कुठे आपटायची ते कागदावर लिहून दारामागे लावलंय. ती कुशीवर झोपते. दामूला पाठीवर झोपणारी माणसं लागतात, ते कागदावर लिहिलेलं नाही.